बंबाची पन्हळ

म्हणा मंडळी, नाव घ्या — अहो, जोरात! डोक्यावर छप्पर नाही म्हणून आवाज वर निघून जातो म्हणता? जाऊ द्या की! वर ऐकणारा बसलाच आहे!

हां. तर मी काल तुमच्या गावात एसटीतून उतरलो. हातातली पिशवी खाली ठेवली नाही, तोच एक गृहस्थ कानाशी आले. "बुवा, देवळाच्या छपराचं काम त्याला दिलंय. लिहून ठेवा, गळणार!" म्हटलं, बरं. चहा आला. चहा आणणारे दुसरे. तेही कानाशी — "बुवा, गळणार!" अहो, छप्पर अजून चढलेलं नाही, पत्रे खाली पडलेत, आणि यांना त्याचं गळणं दिसायला लागलं! केवढी ही दिव्य दृष्टी!

हसू नका. दोघेही समोरच बसलेत. मी नाव घेणार नाही. पेटीवाले, तुम्ही मान खाली घालू नका हो, लोकांना उगाच संशय येतो!

तर आज प्रश्न असा. मत्सर माणसाला खातो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कोणाला खातो? ज्याचा करावा त्याला, की जो करतो त्याला? बोला! गप्प का? पोथीत उत्तर आहे, पण आज मी पोथी नाही उघडणार. आज मी एक छप्पर उघडणार आहे!

*पाऊस न खाई तांबियासी । परसुख खाई मनासी ॥*

ओळ माझीच आहे, पोथीत शोधू नका. धरा चाल!

ऐका मंडळी. खाडीकाठचं एक गाव, कातळशेत. तिथे सोमेश्वराचं देऊळ, आणि देवळापासून हाकेच्या अंतरावर तांबटांचं घर. दोन भाऊ. थोरला भार्गव, धाकटा श्रीपत. श्रीपत मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईला गेला, गोदीत लागला. थोरला वडिलांच्या भट्टीवर बसला. ठक्-ठक्! ठक्-ठक्! हंडा म्हणू नका, घंगाळ म्हणू नका, देवाची प्रभावळ म्हणू नका — हातात कला होती हो त्याच्या!

वडील त्याला धातूंची ओळख करून देत. कशी? नातेवाइकांची करून देतात तशी! म्हणत, "बाबा भार्गवा, हे शिसं. जड, मऊ आणि आळशी. पण देवळाच्या दोन दगडांत लोखंडाची कांब घालून वरून शिसं ओत, मग पाण्याची बिशाद नाही आत शिरायची. एकदा बसलं की उठत नाही." — आमच्याकडे एक पाहुणे असेच येतात, जाऊ दे! — "हे पितळ. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी बिजागरी गंजून आवळते, पितळेची नाही आवळत. हे जस्त. यासारखा भाऊ नाही बघ! लोखंडी पत्र्यावर चढवलं की आधी स्वतः झिजतं, आणि आतल्या लोखंडाला गंजू देत नाही. आणि हे आपलं तांबं. पावसात काळवंडेल, हिरवं पडेल, पण तो हिरवा थर म्हणजेच त्याचं चिलखत. नातवंडं म्हातारी होतील, तांब्याचं शिखर तसंच राहील. मात्र एक लक्षात ठेव. तांब्यावरून आलेलं पाणी जस्तावर, ॲल्युमिनियमवर पाडू नकोस. तांबं थोर खरं, पण ते शेजाऱ्याला खातं!"

आयाबायांनो, तुम्हाला हे नवीन नाही. आठवा! न्हाणीघरात तांब्याचा बंब, त्याची तोटी थेंब-थेंब गळणारी, आणि खाली जस्ताची बादली. बादली बुडातून फुटायची की नाही? फुटायची! आणि तुम्ही दोष द्यायचात पोरांना — "मेल्यांनो, आपटलीत कुठे?"

भार्गवच्या घरी ही चूक चालत नसे. बंब वडिलांच्या हातचा, लखलखीत. बायको द्वारका. तिने एखाद्या दिवशी गडबडीत तोटीखाली बादली ठेवली, की हा भट्टीवरून ओरडायचा, "बादली काढ! घंगाळ ठेव!" ती बिचारी काढायची. बादली लक्षात ठेवा हं मंडळी. पुढे लागणार आहे.

तर झालं काय, सोमेश्वराचं देऊळ दुरुस्तीला निघालं. लाकडी शिखराला तांब्याचा पत्रा मढवायचा, तो अर्थात भार्गवने. पण खालच्या सभामंडपाच्या छपराचं काय? कौलं माकडांनी फोडलेली. लोखंडी पत्रा खाडीच्या वाऱ्यात टिकत नाही. आणि नेमका तेव्हा श्रीपत मुंबई सोडून गावी आला. कायमचा! बायकोला घेऊन आला, म्हणाला, आता इथेच काम करीन. मानकरी दाजीबांना म्हणाला, "ॲल्युमिनियमचा पत्रा घालू. हलका आहे, जुन्या वाशांना भार नाही. हवा लागली की स्वतःच स्वतःवर पातळ कातडं धरतो, गंजायचं नाव नाही." पंचांना पटलं. काम श्रीपतला!

आता बघा हं गंमत. थोरल्याचं काम कोणी काढून घेतलं? नाही! शिखर त्याचंच होतं. देवाच्या डोक्यावरचं काम! पण माणसाला आपल्या ताटातलं दिसतच नाही हो. दिसतं ते शेजारच्या ताटातलं!

भार्गव शिखरावर बसून एक-एक पत्रा ठोकतोय. बोटं सुजली, पाठ धरली. आणि खाली? धाकटा पत्रा असा एका हाताने उचलतो, खांद्यावर टाकतो, शिडी चढतो — जसा काही अंगावर पंचा टाकलाय! आठवड्यात अर्धा मांडव झाकला. उन्हात असा झळकतो, की खाडीपलीकडून माणसं होडीत बसून बघायला आली. येतात, मांडवाकडे बघतात, "वा, श्रीपत! वा!" शिखराकडे बघायला मान वर करावी लागते ना! कोण करतो?

आणि भार्गवला? घास गिळेना. "कालचं पोर! भट्टीचा धूर नाकात गेला नाही, हातोडा कसा धरतात ठाऊक नाही. बाजारातून पत्रा आणला, खिळे मारले, आणि वा? आणि मी?" जेवताना तेच, अंघोळ करताना तेच, देवापुढे हात जोडले तरी तेच! द्वारका म्हणाली, "अहो, भावजी आले हे बरं झालं, घर भरल्यासारखं वाटतं." हा म्हणाला, "हं." नुसतं हं! मंडळी, भावाच्या कौतुकाला ज्या दिवशी तुमच्या तोंडून नुसतं हं निघेल ना, त्या दिवशी समजा — आत काहीतरी कळकलंय!

आणि एके दिवशी श्रीपत शिडी चढून शिखरापाशी आला. डोक्याला फडकं, हातात पाण्याचा तांब्या. भावासाठी पाणी घेऊन आला होता हो! म्हणाला, "दादा, एक विचारू? तुझ्या शिखराचं पाणी सगळं माझ्या पत्र्यावर उतरणार. तांब्याचं पाणी माझ्या पत्र्यावर पडलं तर चालेल ना? की मध्ये पन्हळ घालून बाहेर काढूया? तू सांगशील तसं."

थांबा. इथे थांबा मंडळी. टाळ थांबवा!

वडिलांचे शब्द भार्गवच्या कानात आहेत. समोर धाकटा भाऊ आहे, विश्वासाने विचारतोय. पाणी प्यायला दिलंय त्याने! खरं सांगायला काय लागतं? एक शब्द — नको! पण गळ्याशी मत्सर बसलाय. तो म्हणतो, गळू दे. हसू देत लोक. जाऊ दे याला परत मुंबईला!

भार्गव पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं, आणि म्हणाला, "चालेल की!"

बस्स. विष नाही घातलं, सुरा नाही मारला. दोन शब्द! आणि श्रीपत म्हणतो काय — "मग झालं तर. तू आहेस म्हणून मला धीर आहे, दादा."

काम पुरं झालं. समारंभ झाला. नारळ दोघांना, पण शाल? शाल एकट्या श्रीपतला! पंचांनी एकच आणली होती, काय डोकं असतं एकेकाचं! त्या शालीने उरलीसुरली माया जाळून टाकली.

आला पाऊस. कोकणातला! शिखरावरून तांब्याचं पाणी उतरतंय, खाली पत्र्यावर पडतंय. त्या साली काही झालं नाही. भार्गव मात्र रोज जाऊन वर बघायचा. लोकांना वाटायचं, काय भक्ती! पुढच्या पावसात पत्र्यावर पांढरी भुकटी धरली. मग सुईच्या टोकाएवढी भोकं — नेमकी शिखराच्या खालच्या ओळीत. आणि ऐन उत्सवात धार लागली! नैवेद्याच्या ताटात पाणी, पखवाजावर पाणी, दाजीबांच्या फेट्यात पाणी!

दाजीबा कडाडले, "श्रीपत! देवाला फसवलंस? हलका माल घातलास?"

सगळा गाव बसलाय. श्रीपत हात जोडून उभा. त्याची बायको खांबाआड तोंडाला पदर लावून रडतेय. भार्गव पुढच्या रांगेत. आता म्हणेल ना हा, दादाने सांगितलं होतं म्हणून? म्हणायला हवं की नको? तुम्ही-आम्ही काय केलं असतं? घरापासून ओरडत आलो असतो!

श्रीपत म्हणाला, "माल चांगला होता. शिखराचं पाणी पडलं तर चालेल का, ते मी दादाला विचारलं होतं. दादा चालेल म्हणाला, म्हणजे ते बरोबरच असणार. चूक माझ्याच हाताची असेल. मला क्षमा करा. मी परवाच्या गाडीने मुंबईला जातो."

अरेरे! भार्गवला जे हवं होतं ते सगळं मिळालं! भाऊ हरला, गाव थुंकला, वाट मोकळी झाली. मग घास का उतरेना हो त्याचा? अं?

बायकांच्या घोळक्यात द्वारका बसली होती. तिने भावजींचं बोलणं ऐकलं. शिखराचं पाणी... चालेल म्हणाला... तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. वाटेत एक शब्द बोलली नाही. मंडळी, बायको भांडली तर देवाचे आभार माना. ती गप्प बसली की घाबरा!

सकाळी भार्गव अंघोळीला गेला. बघतो तर बंब पेटलेला, तोटी थेंब-थेंब गळतेय, आणि खाली — काय? जस्ताची बादली! नवी कोरी!

तो सवयीने ओरडला, "द्वारके! बादली काढ! तांब्याचं पाणी पडतंय त्यात!"

ती दारात आली. पदर खोचलेला, डोळे लाल. म्हणाली, "चालेल की!"

...

मंडळी, सोमेश्वराने कौल दिला असता तरी इतका झोंबला नसता! त्याचाच शब्द, त्याच्याच न्हाणीघरात! "मला बादलीवरून बारा वर्षं बोलता," ती म्हणाली, "आणि पाठच्या भावाचं छप्पर दिलंत खायला? बादलीएवढीसुद्धा किंमत नव्हती का हो त्याची?" भार्गव तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला.

तसाच उठला, श्रीपतच्या दारात गेला. धाकटा ट्रंक बांधत होता. भार्गव म्हणाला, "श्रीपत, मला माहीत होतं. मला जळायला होत होतं तुझ्याकडे बघून. म्हणून खोटं बोललो." श्रीपतने त्याच्याकडे बघितलं. आणि दार लावून घेतलं. मग भार्गव दाजीबांच्या अंगणात गेला आणि चार माणसांदेखत तेच बोलला. कोणी पायरीवर बस म्हणालं नाही.

घरी आला. पन्हळ करायला घरात तांबं शिल्लक नव्हतं. म्हणजे, होतं! त्याने बंबातला जाळ विझवला, बंब उचलून देवळाच्या आवारात आणला. वडिलांच्या हातचा बंब! कातर लावली — कर्रर्र! उभा चिरला. ठोकून सपाट केला, पट्ट्या कापल्या, झाळून जोडल्या. कमी पडलं तिथे द्वारकेने स्वतः घंगाळ आणून दिलं. लांबलचक पन्हळ तयार झाली, शिखराचं सगळं पाणी झेलून मांडवाबाहेर दगडावर सोडणारी. तांबं पत्र्याला टेकू नये म्हणून खाली लाकडाची पट्टी आणि डांबराचा थर.

पण पन्हळ एकट्याने चढते का? इकडचं टोक धरून भार्गव शिडीवर उभा, तिकडचं टोक जमिनीवर. गाव भोवती उभा राहून बघतोय. हात कोणी लावीना. उचलतो, पडतं. उचलतो, पडतं.

आणि मंडळी — ते दुसरं टोक वर यायला लागलं! भार्गव वळून बघतो तर समोरच्या शिडीवर श्रीपत. प्रवासाचे कपडे, पायात बूट. एसटी तिकडे नाक्यावर भोंगा देतेय! दादा म्हणाला नाही, क्षमा केली म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "तुझ्याकडचं टोक जरा वर घे. उतार पडत नाही." भार्गवने टोक वर घेतलं. गाडी गेली.

म्हणा! *परसुख खाई मनासी!*

मी गेल्या माघात कातळशेतला गेलो होतो. पन्हळ अजून आहे, हिरवीगार. मधोमध एक गोल ठिगळ दिसतं. तिथे बंबाची तोटी होती. गावातले बाप पोरांना अजून उचलून ते ठिगळ दाखवतात.

तर उत्तर काय? मत्सर कोणाला खातो? छप्पर खाल्लं धाकट्याचं, पण दोन पावसाळे जेवण कोणाचं गेलं? झोप कोणाची गेली? अहो, तांबंसुद्धा पाणी पडेल तेव्हाच शेजाऱ्याला खातं. आपण कोरडेसुद्धा खातो — शेजाऱ्याला, आणि त्याच्याआधी स्वतःला!

आता तुमच्याकडे वळतो. उद्या सकाळी तुमच्या या देवळाचे पत्रे चढणार. ज्याला काम मिळालंय, त्याला मी ओळखत नाही. पण चढवताना तो कुठेतरी अडेल, आणि वर शिडीवरून तुमच्यापैकी एकाला विचारेल — "काका, हे असं चालेल ना?" त्या वेळी खरं सांगा. आणि ज्यांना खरं सांगणं जड जाईल, त्यांनी आज घरी जाऊन आधी एक काम करायचं. न्हाणीघरात जायचं. बादली कुठे ठेवलीय, बघायचं.

पेटीवाले, मान वर करा आता. उद्या दुसऱ्या शिडीवर तुम्हीच लागणार आहात.