लाल ठिपका

बाळांनो, डोळे मिटा आणि पेणमधले एक रेडिओचे दुकान मनात आणा. साल त्र्याण्णव. मी सेल घ्यायला रांगेत उभा आहे. माझ्यापुढे हमरापूरची एक बाई, शेजारी तिची दहा वर्षांची मृणाली.

“शेठ, याच्यासारखाच दुसरा द्या. ह्यो पार बंद पडला.”

“अहो, हा तर हरेशचा सेट! परदेशातली स्टेशनं धुंडाळायचा भारी नाद त्याला. तो नाय आला?”

“ते दिवाळीत गेले, शेठ.”

“अरेरे! मला कुणी सांगितलंच नाय, वहिनी.”

“पोरीला त्यांचं स्टेशन ऐकायचंय.”

“कुठलं गो, बाय?”

“नाव बाबांनाच ठाऊक. काचेवर हा लाल ठिपका हाय ना, तिथं लागतं. गणपती रंगवायच्या ब्रशनं दिलाय त्यांनी.”

“मग हा आकडेवाला घे. सुईची भानगड नाय. आकडा दाबला की स्टेशन हजर.”

“आकडा ठाऊक नाय. ठिपका ठाऊक हाय.”

“बरं, हा सुईवाला बघ, त्याच जातीचा. तुझ्या ठिपक्याच्या जागेवर आणली सुई. ऐक.”

“नुसती खरखर हाय गो, मृणाली. आकडेवालाच घेऊ.”

“आये, बाबा दिवसा लावायचेच नाय. काम आटपून तिन्हीसांजेला लावायचे.”

“आणि तिन्हीसांजेलाबी खरखरच आली तर?”

मृणालीने सुईवाला रेडिओ पोटाशी धरला आणि एसटी येईपर्यंत सुई जागची हलू नये म्हणून ती फिरवायच्या चक्रीवर अंगठा दाबून उभी राहिली.