दोन व्याही, दोन इंजिनं

(चढाचा रस्ता. बॉनेट उघडून एक जुनी गाडी उभी. मागून आलेली दुसरी जुनी गाडीही तिथेच थांबते.)

मुलाचे वडील: हसू नका, व्याही. जरा दम खातेय ती, बास.

मुलीचे वडील: हसतोय कुठे? तुम्ही घडवलेलं इंजिन बंद पडलेलं आजवर पाहिलं नव्हतं, डोळे भरून बघतोय. कारखान्यात जन्मभर ऐकवलंत, माझं ओतीव लोखंड आहे, वितळलं तरच थांबेल.

मुलाचे वडील: आणि तुमचं म्हणे पेट्रोलच्या नुसत्या वासावर चालतं. मग जा की पुढे. जो धरणापर्यंत जाऊन आधी परत येईल त्याची गाडी सूनबाईला, असं ठरलंय आपलं.

मुलीचे वडील: जाईन. सोबत म्हणून थांबलोय.

मुलाचे वडील: इंजिन बंद करून?

मुलीचे वडील: पेट्रोल वाचतं.

मुलाचे वडील: वाचायला उरलंय कुठे? काटा तळाला टेकलाय. दोघांनी सारखंच मोजून ओतलं होतं, माझं अर्धं शिल्लक आहे. कुठेतरी पाणी मुरतंय. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं जेट मोठ्या भोकाचं बसवलंत ना?

मुलीचे वडील: आणि तुमचं इंजिन एवढं का तापलंय? पेट्रोल कमी जावं म्हणून बारीक जेट घातलंत.

मुलाचे वडील: थोडंसंच बारीक.

मुलगी: वाटलंच मला. वाट बघून बघून शेवटी स्कूटर काढली. काय झालं, बाबा?

मुलीचे वडील: काही नाही गं. तुझे सासरे नि मी गप्पा मारतोय.

मुलगी: रस्त्यात, बॉनेट उघडून? काका, तुमचे हात बघा.

मुलाचे वडील: बरं, सांगतो. माझी फार पिते म्हणून हे टोमणे मारतात, तर मी तिला उपाशी ठेवली. यांची चढावर धापा टाकते म्हणून मी टोमणे मारतो, तर यांनी तिला भरपूर पाजलं.

मुलगी: आणि दोघीही बसल्या. मला उद्या कामावर हजर व्हायचंय. जनावरांचा दवाखाना माळावर, गोठे लांब लांब, पंप तासाभरावर. गाडी मी चालवणार, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मुलीचे वडील: विचारायचं काय त्यात? पंप लांब, म्हणजे कमी पिणारी हवी.

मुलाचे वडील: माळावर एकटी, म्हणजे न थांबणारी हवी.

मुलगी: बाबा, खरं सांगा. रात्री फोन आला, कुणाची तरी गाय अडलीय, बाहेर पाऊस. मला कुठल्या गाडीत बसवाल?

मुलीचे वडील: तुला म्हणून सांगतो. जेट मी जिंकायला बदललं नव्हतं. थेंब थेंब वाचवण्यात आयुष्य गेलं माझं. इंजिनाच्या भिंती पातळ केल्या, वजन उतरवलं. इतकी माणसं बसली त्या गाड्यांत, मी निर्धास्त झोपलो. काल तू बसणार म्हटल्यावर डोळ्याला डोळा लागेना, म्हणून उठून मोठं जेट बसवलं.

मुलाचे वडील: मी मात्र निव्वळ जिंकायला बदललं. लाज वाटतेय थोडी.

मुलीचे वडील: थोडीच?

मुलाचे वडील: जेट जेवढं बारीक, तेवढी. पण व्याही, तुमचं इंजिन लबाड नाही हो. माझं हिचा अर्धा पगार खाईल.

मुलगी: पगार माझा आहे, खाऊ दे. आधी चालू तर करा.

मुलाचे वडील: जुनं जेट खिशातच आहे. पाना धरा, व्याही. मग तुमची मागे दोराने बांधून नेऊ.

मुलीचे वडील: हेही बघायचं होतं नशिबात.

मुलगी: सुरू झाली की, काका. पहिल्याच झटक्यात.

मुलीचे वडील: आता वाटेत पंपावर थांबा. तुमच्या गाडीची टाकी काठोकाठ भरून द्यायची हिला, आणि आजचा भाव मला सांगू नका.