मावशी अलीकडे, मी पलीकडे

—नाही, मिटू नका, आ तसाच राहू द्या. अजून थोडा मोठा... छान. भूल चढलीय ना? ओठ जाड झाल्यासारखा वाटतोय? वाटू दे, झालेला नाही, आहे तेवढाच आहे. तर मी काय सांगत होते — घोड्याचं. हो, घोड्याचंच, तुम्ही बरोबर ऐकलंत, भूल तोंडाला दिलीय, कानाला नाही. दुखलं तर डावा हात वर करायचा. नुसतं दाबल्यासारखं वाटलं तर नाही करायचा. दाबल्यासारखं वाटणारच, कारण मी दाबणार आहे. सिस्टर, सक्शनची नळी जरा इकडे घ्या. तर ह्या वयात घोडा कशाला, असं सगळेच विचारतात, तुम्हीही विचारलं असतंत, पण तुमच्या तोंडात आत्ता माझी बोटं आहेत. अहो, घोडा माझ्यासाठी नव्हताच मुळी. यांच्यासाठी होता. बाहेर टेबलापाशी ज्यांनी तुमचा एक्स-रे उजेडाकडे धरून बघितला ना, ते. माझे मिस्टर. दातांचेच डॉक्टर. मी बाहेरच्या खुर्चीवर काम करायची, ते आतल्या, म्हणजे ह्याच, तुम्ही आडवे आहात त्या. त्यांनी एक्स-रे धरला तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, पंख्याचा वारा लागतोय म्हणून हलतोय. पंखा बंद होता.

आता जरा कापतेय हं, हिरडी. काही कळणार नाही. — कळलं? नाही ना. मग डोळे कशाला मिटताय? — तर मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, घोड्यावर बसवा, तोल सुधारतो. गेलो. एकट्याला लाज वाटते म्हणाले, म्हणून मीही बसले. हे दोन फेऱ्या मारून उतरले. मला म्हणाले, "वरून सगळं चांगलं दिसतं, पण खालून जास्त चांगलं दिसतं," आणि जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसले ते बसलेच. मी वरच राहिले. मला कुणी उतर म्हटलंच नाही. आणि मग दर रविवारी मी घोडीवर आणि हे कुंपणाला लागून खुर्चीत, मांडीवर माझ्या चहाचा थर्मास, दोन्ही हातांनी धरलेला. तरी झाकण वाजायचंच. लांबून ऐकू यायचं मला. घोडीसुद्धा त्या बाजूचा कान वळवायची. तिला सगळे मावशी म्हणतात. वय झालंय, सगळ्यांना वळण लावून झालंय, आता कुणाचं ऐकत नाही — मावशीच. आणि शिकवणाऱ्या बाईंना हे फौजदार म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर कोण म्हणेल? एवढा आवाज आहे त्यांचा की शेजारच्या मैदानातले घोडेसुद्धा चाल बदलतात.

हा ड्रिलचा आवाज. रस्ता खणतात तसा वाटेल, कारण काम तेच आहे. मान हलवू नका. — उड्या मारायला शिकले, पण बरीच वर्षं ऐंशी सेंटिमीटरवरच होते. सुखात होते. मांडीपर्यंत येणारी दांडी, मावशी झोपेत जाते त्यावरून. आणि एक दिवस फौजदार म्हणाल्या, "डॉक्टर, आता मीटर." मी म्हटलं, कशाला? ऐंशीत काय वाईट आहे? तर म्हणाल्या, "काहीच वाईट नाही, तुम्ही ऐंशीला घाबरत नाही एवढंच." मी उतरून दांडीपाशी जाऊन उभी राहिले. पोटाला लागली. वीस सेंटिमीटर म्हणजे केवढे हो? माझी वीत जेमतेम तेवढी. पण आली अंगावर. म्हटलं, बघू. आलो आम्ही, छान आलो, मावशीच्या टापा एका लयीत — आणि मावशी थांबली. मी थांबले नाही. आपण म्हणतो ना, घोडं कुठं अडलंय — दांडीच्या बरोबर अलीकडे अडलं. मावशी अलीकडे, मी पलीकडे. नियमानं उडी दोघींनी मिळून मारायची असते. एवढं मात्र खरं, दांडी पडली नाही. मी स्वच्छ गेले.

थुंकू नका, सिस्टर ओढून घेतील. — खांदा काळानिळा झाला, मोडला नाही. पण पुढच्या रविवारी मला सर्दी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी मी फौजदारांना फोन केला, म्हटलं, मावशीला सर्दी झालीय असं ऐकलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मावशी माझ्या तबेल्यात राहते." गेले मग. जाऊन काय केलं, ऐंशीच. तेही मेलं जमेना. आधी डोळे मिटून व्हायचं ते होईना. दांडी आली की मला तीच दिसायची, दुसरं काही नाहीच, मैदानभर दांडी. तेव्हा फौजदार म्हणाल्या — हे नीट ऐका, तुमच्याही कामाचं आहे — म्हणाल्या, "मावशी का थांबते माहितीय? तुम्ही थांबता म्हणून. दांडी आली की तुमचा श्वास बंद, मांड्या आवळलेल्या आणि दातखीळ." मला. दातखीळ. दातांच्या डॉक्टरला. "पाठीवरची बाई एकदम दगड झाली की तिला वाटतं, वरून हिला काहीतरी भयंकर दिसलंय, मला दिसत नाहीये, तर थांबलेलं बरं." मी म्हटलं, मग करू काय? तर म्हणाल्या, "बोला. मोठ्यानं. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. वाट्टेल ते बोला, पण पलीकडे पोचेपर्यंत थांबायचं नाही. आणि दांडीकडे बघायचं नाही, दांडीच्या पलीकडचं काहीतरी धरा डोळ्यांत." पलीकडे काय होतं? पलीकडे हे होते. थर्मास घेऊन.

तर बोलायला लागले. आधी अगदी खाली, नडगीएवढ्या दांडीवर. पडद्यांचं माप सांगितलं मावशीला. मग दांडी खांबावर एक भोक वर. मग अजून एक. गॅस संपलाय, जिना उतरताना तिसरा दिवा गेलाय, नणंदेचा फोन आला होता, तिच्या कवळीची तक्रार आहे, कवळी चांगली आहे, नणंदच तशी आहे — मावशी आपली उडतेय. ऐंशी झाले. नव्वद झाले. मी बोलतेय. फौजदार दांडी वर सरकवतायत. आणि मीटरला वळले आणि — विषय संपले. अहो, संपतात. तुम्हीच सांगा, किती बोलणार? नका सांगू. समोर दांडी, पलीकडे हे, आणि तोंड तर बंद ठेवायचं नाही. मग जे आलं ते आलं. मी ओरडत होते, फौजदार नंतर म्हणाल्या, त्यांच्यापर्यंत शब्द न् शब्द पोचला. "मला जमायचं नाही, आडव्या दाढा हेच काढायचे, मी दुधाचे दात काढायची आणि सिमेंट भरायची, आणि आता कुणी आडवी दाढ घेऊन आलं की मी मोठ्या हॉस्पिटलात पाठवते आणि हे नुसते बघतात, काही बोलत नाहीत, मीही बोलत नाही, आणि आतल्या खुर्चीवर मी चादर घातलीय, मेलेल्या माणसावर घालतात तशी, आणि यांचा हात काही आता थांबायचा नाही —" आणि उडाली मावशी. उडीत वर गेल्यावर काही ऐकू येत नाही, टापा नसतात ना. माझाच आवाज तेवढा चालू होता.

उतरलो. म्हणजे दोघीही, एकाच बाजूला. झाकण वाजायचं थांबलं होतं. मला वाटलं, हात थांबला की काय. तसं काही होत नसतं, त्यांनी थर्मास खाली ठेवला होता. मी जवळ गेले. घरात जे दोघांनी इतके दिवस तोंडातून काढलं नव्हतं, ते मी मैदानभर ओरडून आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दांडीकडे बघितलं आणि म्हणाले, "हललीसुद्धा नाही." बस्. जेवताना मीठ मागितलं. आणि काल इथं येऊन बघते तर ह्या खुर्चीवरची चादर काढलेली. घडी घालून ठेवलेली — घडी म्हणजे काय, बोळाच, पण कोपऱ्याला कोपरा लावायची खटपट केलेली दिसत होती. आणि आज सकाळी तुम्ही. तुम्हाला ह्या खुर्चीवर कुणी बसवलं? त्यांनीच ना? मला विचारलं होतं का? नव्हतं. मी हात धुऊन आत येते तर तुम्ही आडवे.

हात का वर केलात? दुखतंय? नाही? दाबल्यासारखं? मग खाली घ्या. — हां, ते होय. अहो, पहिली आडवी दाढ कशी असेल ही! कॉलेजात काढल्यात. नंतरही काढल्यात, यांना ताप असायचा तेव्हा. यांनी सोडल्यापासूनची म्हणाल तर — ते वेगळं. हात खाली. सिस्टरकडे काय बघताय? सिस्टर, तुम्ही तरी त्यांच्याकडे बघू नका. — हो, बरोबर आहे, मी एरवी एवढं बोलत नाही. एरवी मी काम करताना अक्षर बोलत नाही, विचारा यांना. आता जे काय समजायचं ते समजलात ना? समजा. पण एक बघा, तुमचाही श्वास मघापासून चालू आहे. आणि माझा हात बघा. बघितलात? स्थिर आहे. आता कट्कन् आवाज येईल. दाढेचा आहे, जबड्याचा नाही. मी दाढ दोन तुकड्यांत करतेय, अख्खी यायची नाही ती. पाऊण आली... पलीकडे बघा, त्या खिडकीकडे, माझ्याकडे नको... आता मूळ... ये बाई, ये... ये...

...

ही बघा. नको बघायला? बरं.

दारात कोण? — हे आलेत. या ना आत. — नाही, आत नाही यायचं त्यांना. हे बघा. हो. मुळं दोन्ही शाबूत, एकही मोडलं नाही. नस? नस लांबच राहिली, बघितलं मी. — गेले. ऐकलंत काय म्हणाले? "हं" म्हणाले. वीस वर्षांत माझ्या कामाला त्यांनी कधी "हं" म्हटलेलं नाही. थांबा, हलू नका, टाके घालायचेत. मला जरा नीट दिसत नाहीये, दिवा डोळ्यांवर आलाय. सिस्टर, दिवा खाली घ्या. — खालीच आहे? बरं. राहू दे. एक मिनिट थांबू या.

झालं. हा गॉज, ह्यावर दात घट्ट दाबून धरायचे. आज गरम काही नको, चूळ उद्यापासून, टाके पुढच्या आठवड्यात, वेळ बाहेर तेच देतील — लिहायला त्यांना वेळ लागतो, घाई करायची नाही, कागद तुमच्याकडे ओढायचा नाही. उठा. सावकाश. चक्कर नाही ना? आणि तासभर बोलायचं नाही. अजिबात. — नाही, आभारसुद्धा नाही. जा.