फोनमधली बाई

नवा फोन घेता तर घ्या, पण त्यात ती बाई बसली हाये का नाई, ते आधी पाहून घेजा.

घुग्घुसले माह्या मोठ्या भावाचा उजवा हात खाणीतला कोळसा वाहणाऱ्या बेल्टमधी गेला, तुमाले माहीतच हाये. बेल्टवरची जाळी ठेकेदारानंच काढाले लावली होती, साफ कराले घडीघडी काम थांबते म्हणून. दवाखान्यात ठेकेदार मले सोता म्हणाला, "चुकलंच माह्यं." भरपाईच्या केससाठी लावलेले वकील म्हणाले, "हेच फोनवर वदवून घ्या अन् रेकॉर्ड करा. बोलणारे तुम्ही स्वतः असाल तर चालते."

लावला फोन. "बोल भाऊ," ठेकेदार म्हणाला, "तुह्या भावाचं मले लय वाईट वाटून राह्यलं." मी म्हटलं, "त्या जाळीचं तुमी काय म्हणत होते?" अन् हळूच बटन दाबलं. तर फोनमधली बाई दोघायलेबी ऐकू जाईन असं बोलली, "हा कॉल आता रेकॉर्ड केला जात आहे."

फोन माहा, रिचार्ज माहा, अन् सांगणं त्याले.

ठेकेदार लगेच पुस्तकातल्या मराठीत म्हणाला, "तुमच्या भावाला मी तीनदा बजावलं होतं, जाळी काढू नका. त्यांनी ऐकलं नाही."

वकिलानं ऐकलं अन् फोन वापस देला. घरी आलो तर भावानं मांगतला. डाव्या हातानं कानाले लावून दोनदा ऐकलं. मंग मले इचारते,

"सांगतलं असन का रे त्यानं मले?"