पासिंगचे टायर

बसा जी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी जरा समोर या. कांतावहिनी, मालक, मोहाडीचे सारे गाडीवाले भाऊ, आणि आंबागडहून आलेले देवरामभाऊचे नातेवाईक... मले भाषण येत नाई. स्टेअरिंग धरणारा माणूस आहो मी. हातात काई नसलं का बोलताही येत नाई. पण कोणीतरी बोललं पाहिजे. फोटोतला माणूस तर आता बोलत नाई.

देवरामभाऊ आणि मी एकाच मालकाच्या गाड्या चालवतो. चालवतो म्हणलं पाहा. चालवत होतो. धान भराचं, राईस मिलवर न्याचं, रिकामी गाडी घेऊन याचं, पुन्हा भराचं. भाऊची एक सवय तुमाले माहीत आहे. सकाळी गाडीत चढाच्या आधी टॉमीनं, त्या लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकाचा, कान देऊन आवाज ऐकाचा. आम्ही हासत होतो. "काहून भाऊ, तबला शिकून राहिले का?" तर म्हणत, "टायर आधी सांगते बे, मग फुटते."

आता पासिंगचं सांगतो. नातेवाईकांले ठाऊक नसन. दरवर्षी गाडी तपासणीले न्यावी लागते. पाव्हणे पाहाले येणार म्हणलं का पोरीची तयारी करतात, तशी गाडीची तयारी. धुवा, रंग मारा, रेडियमच्या पट्ट्या चिकटवा, वायपर लावा, ब्रेक आवळा. आणि टायर. नव्या टायरचा एकच सेट आहे आपल्याकडे. गोदामात ताडपत्रीखाली राहते. ज्या गाडीची पासिंग, तिले तो चढते. गाडी पास झाली का उतरते, आणि तिचे जुने गुळगुळीत टायर पुन्हा तिलेच. सेट चालला पुढच्या गाडीकडे. काय नाव ठेवलं आपण त्याचं? लक्ष्मीचा सेट! त्याच्यावर एकही गाडी नापास झाली नाई म्हणे. कशी होईन? तपासणाऱ्या साहेबानं चांगले टायर पाहिले, चांगले लिहिले. त्याचा काय दोष?

भाऊची गाडी पास झाली. पेढे वाटले. त्याच दिवशी सेट उतरला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर भाऊ टॉमी न घेताच गाडीत चढून राहिले. मी म्हणलं, "भाऊ, आज ठोकलं नाई?" ते म्हणाले, "कायले ठोकू? आवाज ऐकला तर जावं वाटणार नाई. आणि जावं तर लागते."

जावं तर लागते. हे बोलणं मले झोपू देत नाई जी.

रोज ते तसेच गेले. रोज परत आले. तेच वाईट झालं. परत येत राहिले म्हणून आपल्याले वाटलं, काई होत नाई. मग एका दुपारी, तुमसरच्या रस्त्यावर, भरल्या गाडीचा समोरचा टायर गेला. गाडी नहरात, कालव्याच्या पाण्यात. मागून जवाहरनगरची बस येऊन राहिली होती, माणसांनी भरलेली. ती जरा आधी आली असती, तर आजची सभा या मंडपात मावली नसती. लोक म्हणतात, भाऊची वेळ आली होती. वेळ आपोआप नाई आली जी. आपण ती पान्यानं आवळून दिली.

आता जे बोलतो, ते बोलू नको म्हणून मले सकाळपासून समजावून राहिले काही जण. तरी बोलतो.

हा किसन, भाऊचा लहान भाऊ. वहिनीच्या बाजूले बसला आहे. दोन लेकरांचा बाप. आता दोन्ही घरं त्यालेच पाहाची आहेत, म्हणून मालकानं त्याले दुसरी गाडी दिली. उपकारच आहे, मी नाई म्हणत नाई. ती गाडी काल पास झाली. या मंडपाच्या मागंच उभी आहे. सेट अजून तिच्यावरच आहे, कारण टायर बदलणारे सारे इथं बसले आहेत. सभा संपली का तो उतरणार. तिचे जुने टायर बाजूले काढून ठेवले आहेत, मी येताना पाहिले. एकाची तर तार दिसून राहिली. आणि उद्या सकाळी किसन धान भरून निघणार. त्याच रस्त्यानं.

वहिनी, तुमच्यासमोर हे बोलावं लागते, माफ करा. पण तुमच्यासमोर नाई बोलाचं, तर कोणासमोर?

मालक, राग आला तर येऊ द्या. पुढचा नंबर माह्या गाडीचा आहे. सेट किसनकडं राहिला, तर माही गाडी पास होत नाई, मी घरी बसतो. बसीन. बायकोशी बोलून आलो. तुम्ही साऱ्यांसमोर एवढंच म्हणा, का किसनच्या गाडीचे टायर उतरणार नाईत. त्याच्या गाडीचेच नाई, पास झालेल्या कोणत्याच गाडीचे नाईत.

देवरामभाऊ, रामराम घ्या आमचा.

आता सारे उठा. मौन पाळू. किती वेळ, ते मी सांगत नाई. मालक बोलले, का बसाचं.