हवेची नळी

(चेन्नईचं कोळत्तूर. शनिवारची दुपार. खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीपुढे जमिनीवर पसारा मांडून बसलेला इन्नासी, आणि पलंगावर त्याची आई अमलोर.)

अमलोर: माझी भांडी घासायची जाळी कुठे गेली ते आत्ता कळलं मला.

इन्नासी: नवी कोरी होती, अम्मा. आणि प्लास्टिकचीच लागते. तारेची गंजते.

अमलोर: ती त्या पंपाच्या चाकाला गुंडाळलीस! चाळिशी आली तुझी. या वयात तुझे अप्पा तीन होड्यांचा हिशोब बघत होते.

इन्नासी: जाळीनं हवेचे बुडबुडे बारीक होतात. बुडबुडे बारीक झाले की फेस दाट. पाण्यातली घाण फेसाला चिकटून वर चढते आणि या वरच्या वाटीत सांडते. एवढंच काम स्किमरचं.

अमलोर: म्हणजे डाळ उकळताना मी वरचा फेस काढते, तसंच की.

इन्नासी: तसंच. तुझ्याकडे डाव आहे, माझ्याकडे हा.

अमलोर: तोही कुणीतरी वापरून टाकलेला.

इन्नासी: टाकलेला नाही, विकलेला. कोळत्तूरमध्ये, माशांच्या टाक्यांच्या बाजारात राहून नवा घेतला तर लोक हसतील मला. जुना घ्यायचा, खोलायचा, आपल्या टाकीला हवा तसा करून घ्यायचा. त्यातच तर मजा आहे.

अमलोर: थूथुकुडीचा माणूस. मिठागरं उशाशी घेऊन वाढलास, आणि आता पिशवीतलं मीठ विकत आणून समुद्र कालवतोस. अप्पांनी बघितलं असतं तर होडीत आडवे पडून हसले असते.

इन्नासी: हसू देत.

अमलोर: बरं, एवढी मजा आहे तर तोंड का पाडून बसलायस?

इन्नासी: ते बघ ना. समुद्रफूल.

अमलोर: अगं बाई. किती आक्रसलंय हे. परवा तर ताटाएवढं फुललेलं होतं.

इन्नासी: नऊ वर्षं झाली या जिवाला. ती नारिंगी माशांची जोडी त्यातच झोपते. आता दोघं बाहेर कोपऱ्यात उभी आहेत, बिचारी. ते फूल आत मेलं ना, तर त्याच्या विषानं एका दिवसात सगळी टाकी जाईल.

अमलोर: पाणी तपासलंस?

इन्नासी: तीनदा. पाण्यात दोष नाही. गेल्या शुक्रवारी पहिल्यांदा मिटलं, मंगळवारी उमललं. मला वाटलं, चला, सुटलो. काल परत.

अमलोर: काल म्हणजे शुक्रवारच.

इन्नासी: तो पाना दे जरा.

अमलोर: इन्नासी, या यंत्राला हवा कुठून मिळते?

इन्नासी: ही नळी आहे ना. ओढून घेतं ते.

अमलोर: कुठली हवा? या खोलीतली?

इन्नासी: अम्मा, राहू दे ना तो विषय.

अमलोर: काल मी अप्पांच्या फोटोपुढे सांब्राणीचा धूप जाळला, दर शुक्रवारसारखा. खिडक्या लावून. धुरानं खोली भरली तेव्हा तूच खोकत होतास. तो धूर या नळीनं ओढला?

इन्नासी: तू इथे आल्यापासून दोन वर्षं जाळतेस. कधी काही झालं नाही. मीच या नळीचं तोंड खोदून मोठं केलं, पंधरा दिवसांपूर्वी. फेस जास्त यावा म्हणून. आता दुप्पट हवा ओढतं. तुझ्या एकटीचा धूर नाही यात, माझं भोक पण आहे.

अमलोर: तुला कालच कळलं होतं.

इन्नासी: आज सकाळी.

अमलोर: आणि बोलला नाहीस! मासे उताणे होऊन तरंगले असते तरी तोंड उघडलं नसतंस!

इन्नासी: काय बोलू? अप्पांसाठी जाळतेस, ते बंद कर म्हणू? माशांसाठी? त्यापेक्षा नळी लांबवतो. बाहेरची हवा देतो. या खिडकीतून काढली की झालं. ताजं पाणी घातलंय, हवा चांगली मिळाली तर फूल उघडेल चार दिवसांत.

अमलोर: या खिडकीतून? खाली तर जनरेटर आहे.

इन्नासी: असू दे. धूर रस्त्याकडे जातो त्याचा. बघ, वारा तिकडे आहे.

अमलोर: आत्ता आहे. आणि फिरला म्हणजे?

इन्नासी: तो काय सांगून फिरणार आहे? ... अम्मा? काय झालं? पाणी आणू?

अमलोर: नको. बस इथे.

इन्नासी: बसलो. बोल.

अमलोर: शंख काढायला जायच्या होडीत हवेचा कंप्रेसर असायचा. डिझेलचा. त्याची नळी दातात धरून अप्पा खाली उतरायचे. वरच्या माणसानं फक्त नळीकडे बघायचं आणि दोर धरायचा.

इन्नासी: माहितीये. वर ज्ञानम मामा होता.

अमलोर: त्याचं नाव...

इन्नासी: बत्तीस वर्षं घरात घेतलेलं नाही. तेही माहितीये.

अमलोर: अप्पांना किनाऱ्यावर आणलं तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. ओठ लाल, झोपलेल्या माणसासारखे. मी ज्ञानमला विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "अक्का, वारा फिरला." एवढंच बोलू दिलं मी त्याला. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावासमोर मुस्काटात मारली. म्हटलं, दारू पिऊन झोपलास आणि वाऱ्यावर ढकलतोस? मूठभर माती टाकायलाही येऊ दिला नाही.

इन्नासी: दफनभूमीच्या भिंतीपलीकडे उभा होता तो. मी पाहिलं होतं. माझ्याकडे बघून हात जोडले त्यानं. मला कळेना, मोठा माणूस मला का हात जोडतो.

अमलोर: कधी बोलला नाहीस.

इन्नासी: तुझ्यापुढे?

अमलोर: एक विचारते. काल सांब्राणी जळत होती तेव्हा तू कुठे होतास?

इन्नासी: इथेच. टाकीसमोर.

अमलोर: डुलकी लागली होती?

इन्नासी: छे गं. टक्क जागा. स्किमरकडेच बघत होतो. फेस काय दाट येतोय म्हणून खूश होतो.

अमलोर: हातभर अंतरावर. डोळे उघडे ठेवून.

इन्नासी: हो.

अमलोर: आणि दिसलं नाही.

इन्नासी: नाही दिसलं, अम्मा. खरंच नाही.

अमलोर: मग होडीत बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला काय दिसणार होतं? वारा फिरला आणि कंप्रेसरचाच धूर अप्पांच्या नळीत गेला असणार. तो तेच सांगत होता. मीच ऐकलं नाही रे. त्याची बाजू ऐकलीच नाही मी.

इन्नासी: तू एकटी होतीस गं. पदरात मी.

अमलोर: तो नव्हता एकटा? ... नंबर आहे ना त्याचा तुझ्याकडे? खोटं बोलू नकोस. दर नाताळला गच्चीत जाऊन हळू आवाजात कुणाला फोन करतोस ते कळतं मला.

इन्नासी: आहे. रामनाथपुरमला सायकली दुरुस्त करतो. पुन्हा पाण्यात पाय नाही घातला त्यानं. दर वेळी पहिलं विचारतो, अक्का कशी आहे?

अमलोर: लाव.

इन्नासी: आत्ता? एवढी नळी बसवतो आणि...

अमलोर: नळी जिन्याकडच्या खिडकीतून काढ, तिकडे धूर नाही. ते तू कर. फोन मला दे.

इन्नासी: धर. वाजतोय.

अमलोर: ज्ञानम? ... मी. अक्का. ... हो, मीच. ... रडू नकोस, बाळा, मग मला बोलता येणार नाही. ऐक. त्या दिवशी तू म्हणालास, वारा फिरला. त्याच्या पुढचं सांग.