‘न्हाई वाजवत’ची रेकॉर्ड

...न्हाई, मला एक सांगा! दौंडच्या लोको शेडमध्ये दिवसभर इंजिनं शिट्ट्या मारतात, वाफ सोडतात, घणावर घण पडतात, फोरमन आईबहिणीवरनं बोंबलतो, त्याला कुणी गोंगाट म्हणतं का? न्हाई म्हणत! त्याला ड्युटी म्हणतात! आन् आमचं गाणं, तुम्हाला सांगतो, घड्याळ लावून एक मिनीट चाळीस सेकंद... तर अख्खी रेल्वे कॉलनी खिडकीत! “पोपट, कुणाला मारतोयस रं?” अहो, ड्रमला मारतोय! ड्रम मारायलाच असतोय, त्याची काय पूजा घालू?

मी पोपट, शेडमध्ये खलाशी. इंजिनं पुसायची, सरकारी चहा प्यायचा, असं सरळ चाललं होतं माझं. पण आमचे एक गार्डसाहेब हायेत, अँग्लो-इंडियन माणूस, त्यांचा भाचा लंडनला. तो भाचा पोस्टानं बारक्या बारक्या रेकॉर्डी धाडतो. एक दिवस मी साहेबांच्या क्वार्टरवरनं चाललोय तर आतनं असा आरडाओरडा, अशी आदळआपट, की मला वाटलं, साहेबांचं आन् मेमसाहेबांचं लागलं! मधी पडायला म्हणून आत शिरलो... तर दोघं निवांत चहा पितायत आन् भांडण रेकॉर्डीवर चाललंय!

म्हटलं, “साहेब, हे काय?” साहेब म्हणाले, “न्यू म्युझिक है, पोपट. पंक बोलते. एकदम अंडरग्राउंड.” म्हटलं, म्हंजी? तर म्हणाले, “रेडिओ पे नहीं लगाता, दुकान में नहीं मिलता, घर में कोई सुनने नहीं देता.” म्हटलं, मग साहेब, आमचं सगळंच अंडरग्राउंड की!

तीन सूर, तुम्हाला सांगतो. तीनच! चौथा येतच न्हाई त्या पोरांना! पण येत न्हाई म्हणून लाजतात का? छ्या! “आम्हाला येत न्हाई, तरी आम्ही वाजवणार, काय करायचं ते करा!” दोन मिनिटांत गाणं खल्लास. मी तिथंच जमिनीवर बसलो, हातात पुसायचं फडकं तसंच. माझ्या उभ्या आयुष्यात असं कुणी मोठ्यांदा ‘न्हाई’ म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं.

झालं! पाटस रोडला मीरासाहेबचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज, तो माझा जिवाचा दोस्त. गार्डसाहेबांची जुनी गिटार त्यानं घेतली, ती एका मोडक्या रेडिओला जोडली, मी रेल्वे क्लबातला, इन्स्टिट्यूटमधला, फाटका ड्रम उचलला, आन् आमचा बँड सुरू. माणसं दोन, सूर तीन. ट्रक ड्रायव्हर यायचे, ऐकायचे, आन् ब्रेक न्हाईत तरी गाडी घेऊन निघून जायचे!

पण आता इथं आमच्या आबांचं सांगायला पाहिजे. मांडवगण फराट्याच्या अलीकडं आमचं गाव. आबा, म्हंजी माझे वडील कोंडिबा, पंचक्रोशीत त्यांच्यासारखी हलगी कुणाची न्हाई. पण हौसेची हलगी न्हवं ती, गावकीची! सांगावा आला की जायचं. लग्न असू दे, मयत असू दे, अंगात ताप असू दे, जायचं. मंडपाच्या बाहेर उभं राहायचं आन् वाजवायचं. छप्पन्न साली दीक्षा घेतली आन् आबांनी हलगी भीमेत सोडली. बोलले मात्र काहीच न्हाईत. नुसती पाठ फिरवली गावाला. त्यामुळं गावातली जुनी खोडं आजही म्हणतात, “कोंडिबा कुठं न्हाई म्हणाला? हलगी हरवली आसंल त्याची!” ते आबांना तेवीस वर्षं सलतंय. घरात ताल म्हणून न्हाई. मी ल्हान असताना ताटावर बोटं वाजवली तर आबा ताट काढून घ्यायचे. जेवणासकट!

अशा माणसाला कुणीतरी जाऊन सांगितलं, “तुमचा पोपट दौंडला ड्रम बडवतोय.” मी शनिवारी एस्टीनं घरी गेलो तर आबा दारात. “मी सोडलं ते तू इंग्लिशमधी धरलंस व्हय?” बास. एवढंच बोलले. त्यानंतर आठ महिने अबोला! मी म्हणतोय, आबा, मला कुणाचा सांगावा न्हाई, मी माझ्या मर्जीनं वाजवतोय, तर आबा भिंतीकडं बघतायत. भिंतीला तरी काय कळतंय!

मग मी गाणं लिहिलं. त्यांच्यासाठीच लिहिलं, खोटं कशाला बोलू! “सांगावा धाडा, न्हाई वाजवत! गाडी धाडा, न्हाई वाजवत! मान म्हणा, पान म्हणा, न्हाई न्हाई न्हाई वाजवत!” एक मिनीट चाळीस सेकंदांत बत्तीस वेळा न्हाई! गार्डसाहेबांचा मेव्हणा मुंबईला रेकॉर्डीच्या कारखान्यात. त्यानं सुट्टीच्या दिवशी गुपचूप सगळं जमवलं. तिथला माइकवाला कानाला हेडफोन लावून बसलाय, आम्ही वाजवलं, थांबलो, तर तो म्हणतो, “हां, ट्रायल झाली, आता गाणं सुरू करा.” अहो, संपलं की गाणं! शंभर रेकॉर्डी छापल्या, कव्हरवर माझा फोटो, ड्रमची काठी वर केलेला. पहिली रेकॉर्ड आबांच्या पुढ्यात ठेवली. आबांनी तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला!

आन् अशात बबनरावांच्या लेकीचं लग्न निघालं. बबनराव म्हंजी गावातलं मोठं प्रस्थ. शनिवारी त्यांचा गडी वस्तीत दत्त म्हणून उभा. “मालकांनी सांगितलंय, पोपट्याला म्हणावं तुझा तो इंग्लिश बँड घेऊन ये उद्या मंडपाबाहेर. तुमच्याच घराचा मान हाय तो.”

मान! तेवीस वर्षांनी मान उगवला!

आबा दारात बसलेले. माझ्याकडं बघतायत. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? गेलो तर आबांना मी मेलो. न जावं तर गाव पुन्हा म्हणणार, पोपट्याचा ड्रम बी हरवला! डोकं असं भणभणलं... आन् एकदम सुचलं. मी त्या गड्याला म्हणालो, “बँडला जमत न्हाई. पण खास ह्या लग्नासाठी रेकॉर्ड धाडतो. लाउडस्पीकरवाल्याला द्या.”

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त. लाउडस्पीकरवाला आपला इमाम, शिरूरचा, भला माणूस. मंडप आमच्या दारातनं दिसतोय, कर्णा बांधलाय लिंबावर, तोंड बरोबर आमच्या वस्तीकडं. आबा दारात, मी उंबऱ्यावर. अक्षता पडल्या, इमामनं सनईची हळू फिरणारी मोठी रेकॉर्ड काढली, आमची जोरात फिरवायची बारकी ठेवली... आन् स्पीडचा खटका बदलायला विसरला!

अहो, गाणं निम्म्या जिवानं सुरू झालं! मी असा ताडकन उठलो! आठ महिन्यांची मेहनत, मुंबईची वारी, आन् हे काय रेड्यासारखं रेंगाळतंय? माझा ड्रम, जो पळत सुटायला पाहिजे, तो जड पावलं टाकत हलगीसारखा चाललाय... हलगीसारखा! आन् मग माझा आवाज आला. पण माझा कुठला? खाली उतरलेला, जाड झालेला, घोगरा... लिंबावरच्या कर्ण्यातनं, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा, आमचा आबा बोलाया लागला!

“न्हाऽऽई... वाऽऽजवत...”

अख्खा मंडप लिंबाकडं वळला. पंगतीतली म्हातारी भागुबाई ओरडली, “अगं बया, ह्यो तर कोंडिबा!” बबनराव किंचाळतायत, “बंद करा, बंद करा ते!” पण बंद कोण करणार? इमाम मशीन सोडून पंगतीला बसलेला, त्याचा हात बुंदीत! मी धावत निघालो, म्हटलं निदान खटका तरी बदलू, तर आबांनी माझं मनगट धरलं.

“बस. पुरं हुं दे.”

आठ महिन्यांनी आबा बोलले. एक मिनीट चाळीस सेकंदांचं गाणं सव्वादोन मिनिटं चाललं, आन् बत्तीसच्या बत्तीस न्हाई गावानं ऐकले. आबांच्या डोळ्यांतनं पाणी. माझ्या बी. सांगायला लाज कसली?

सकाळी बबनराव स्वतः वस्तीत. लाल झालेले. “कोंडिबा, रेकॉर्डीवर तू होतास?” मी खुलासा करायला तोंड उघडलं, की ते स्पीडचं काय झालं... तर आबा मला हातानं मागं सारून पुढं झाले.

“व्हय. मीच.”

“कवा म्हणालास हे?”

“छप्पन्न सालीच. तुम्हाला ऐकाया काल गेलं.”

बबनराव आल्या पावली परत! माझं काळीज, तुम्हाला सांगतो, असं भरून आलं. म्हटलं, राहू दे, गाणं कुणाचं का असंना.

पण माणसाला काही मर्यादा? आता शिरूर, शिक्रापूर, पाटस, कुठनं कुठनं माणसं येतायत, “कोंडिबांची रेकॉर्ड द्या.” कोंडिबांची! आबा बाजेवर बसून एकेकाला समजावतात, “हळू लावा बरं का. वाढीव स्पीडला लावलं की कुनीतरी पोरगं मधीच केकाटतंय.” मी! ते पोरगं मी हाय! परवा शिक्रापूरचे एक मामा आले, कव्हर उलटसुलट केलं, माझ्या फोटोवर बोट ठेवलं आन् आबांना म्हणाले, “हा तुमचा तरुणपणचा व्हय?”

मी बघतोय आबांकडं. म्हटलं, आता तरी सांगतील.

आबांनी फोटो नीट निरखला आन् म्हणाले, “व्हय. तवा जरा अक्कल कमी हुती.”